दोन चाके, एक रांग

पहाटेचे साडेचार झालेले असतात. नेकनूरच्या आमच्या वस्तीत अजून कोणाच्या घरी चहाचे आधणही चढलेले नसते. अशा वेळी गल्लीत किकचा आवाज होतो. एकदा, दोनदा, तिसऱ्या किकला गाडी धरते आणि समोरच्या घरातून म्हातारी ओरडते, "आलं का रं तुमच्या अंगात?" महिन्यातल्या एका रविवारी तिचा हा आशीर्वाद आम्हाला ठरलेला आहे. मग पाच-दहा मिनिटांत इकडून तिकडून दिवे येऊ लागतात आणि मांजरसुंबा-केज रस्त्याच्या कडेला दहा-बारा मोटारसायकली एकामागे एक उभ्या राहतात.

लोक विचारतात, हा तुमचा क्लब आहे काय? आता यावर काय सांगावे! आमच्या मंडळीला नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. मंडळ म्हटले की अध्यक्ष आला आणि अध्यक्ष आला की भांडण आले, हे आम्ही सामाजिक कामात इतक्या वेळा पाहिले आहे की या एका गोष्टीला तरी ती बाधा होऊ नये असे सर्वांनी मिळून ठरवले. गावात आम्हाला 'गाडीवाले' म्हणतात. त्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, एसटीतले एक मेकॅनिक आहेत, एक वेल्डर, एक गिरणीवाले, औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण, बाजारपेठेतले पंक्चरवाले चाचा, दोघे शेतकरी आणि आम्ही स्वतः, म्हणजे एका कचेरीतले कारकून. बी. कॉम. झालेल्या माणसाच्या हाती कोणीही वही देतो, तशी या मंडळीची वही आमच्याकडे आहे. कोण आले, कुठे गेलो, किती किलोमीटर झाले, पेट्रोल किती लागले, कोणाची गाडी कुठे बंद पडली, हे सर्व तीत लिहिलेले असते.

शहरातला वाचक मोटारसायकलचा क्लब म्हटल्यावर काळी जाकिटे आणि लाख-दोन लाखांच्या गाड्या डोळ्यापुढे आणील. आमच्याकडे एक बुलेट आहे, ती वेल्डरची, आणि तिचे हप्ते अजून चालू आहेत. बाकी सगळ्या शंभर-एकशेदहा सीसीच्या, सोमवार ते शनिवार दुधाची किटली, खताचे पोते आणि शाळेची पोरे वाहणाऱ्या. रविवारी त्यांना धुऊनपुसून बाहेर काढायचे, एवढेच.

मात्र एक गाडी न्यारी आहे, ती गुरुजींची येझदी. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या. १९९६ साली तो कारखाना बंद झाला. गुरुजींची गाडी त्याच्याही आधीची. दोन बाजूंना दोन सायलेन्सर आणि किकची दांडीच आत दाबून पुढे फिरवली की गिअरची दांडी होते. नव्या पोरांना हे एकदा दाखवले की ती तासभर गाडीभोवतीच घुटमळतात. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागते, मागे धुराचा लोट निघतो, म्हणून रांगेत गुरुजींच्या मागची जागा कोणालाच नको असते. पण जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-येझदीवाले आपापल्या गावी जमतात, पुण्यातही जमतात. त्या दिवशी आम्ही सारे मुकाट्याने धूर खातो आणि गुरुजींना पुढे घालून निघतो.

चाके आली कशी

आमच्या वडिलांकडे सायकल होती. पुढच्या दांडीवर आम्हाला बसवून ते नातेवाइकांच्या गावी नेत. वाटेत एका गावात ठरावीक वाड्यापुढे आले की ते खाली उतरत, सायकल हातात धरून चालत आणि मारुतीचे देऊळ मागे पडले की पुन्हा बसत. आम्ही विचारायचो, "दादा, इथं चढ नाही, मग उतरलात कामून?" ते म्हणत, "चेन पडती इथं." चेन नेमकी रोज त्याच जागी कशी पडते, हे कळायला आम्हाला पुष्कळ वर्षे लागली.

मराठवाड्यात मोटारसायकल सामान्य माणसाच्या दारात आली ती १९८५ नंतर. त्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. तोवर राजदूत किंवा बुलेट म्हणजे पाटील, डॉक्टर, नाही तर पोलीस. सीडी १०० चार स्ट्रोकची. तिला पेट्रोलमध्ये ऑईल लागत नसे आणि एका लिटरला जाणारे अंतर ऐकून लोकांना ते खरे वाटत नसे. पुढच्या वर्षी बजाजची एम-८० आली आणि दूधवाल्यांनी ती उचलून धरली. आमच्या भागातली कितीतरी तरुण मंडळी वाळूजला कामाला गेली. वस्तीत पहिली मोटारसायकल आणली ती तिथेच कामाला असलेल्या एकाने, आणि ती पाहायला माणसे लग्नाला जमावी तशी जमली होती.

बीड जिल्ह्यात दुचाकीला एवढे महत्त्व का, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. बीड शहराला रेल्वेगाडी आली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला. तोपर्यंत एसटी नाही तर स्वतःची चाके! संध्याकाळची शेवटची एसटी चुकली म्हणून बीडच्या स्थानकावर रात्र काढल्याची आठवण नाही असा आमच्या पिढीतला विद्यार्थी विरळाच. आम्ही नोकरीला लागल्यावर सीडी १०० घेतली, तीही तिसऱ्या हाताची. पहिल्याच आठवड्यात वडिलांना मागे बसवून त्याच गावातून, त्याच वाड्यापुढून नेले. गाडी मुद्दाम सावकाश घेतली. दादा काही बोलले नाहीत. देऊळ मागे पडल्यावर फक्त म्हणाले, "चेन चांगली आहे हिची."

आज आमच्याकडे कोणी उतरा म्हणत नाही. पण सगळीकडेच तसे आहे असे समजू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो एवढ्या कारणावरून एका दलित महाविद्यालयीन तरुणाच्या हातांवर वार झाले. ती बातमी आमच्या मंडळीत मोठ्याने वाचली गेली, तेव्हा वेल्डर आपल्या बुलेटकडे बराच वेळ पाहत राहिला होता.

रांगेतली मजा

आता गाडी चालवण्यात एवढे काय आहे, असा प्रश्न घरची माणसे विचारतात. कामाला जाताना आम्हीही हँडल धरून मनात हिशेबच करत असतो. पण पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, कुठे वेळेवर पोहोचायचे नसताना तीच गाडी वेगळी होते. नेकनूरहून मांजरसुंब्याकडे निघाले की उजाडता उजाडता बालाघाटचे डोंगर काळ्याचे निळे होतात. खोलगट भागात अचानक गारवा लागतो, चढ आला की पुन्हा ऊब. ओल्या मातीचा वास, गोठ्यातल्या शेणाचा वास, कुठे गुऱ्हाळ चालू असेल तर काकवीचा वास. बंद मोटारीत बसलेल्या माणसाला यातले काही मिळत नाही, मग त्याची मोटार कितीही महागाची असो.

मांजरसुंब्याच्या चौकात चहा होतो. धुळे-सोलापूरचा मोठा रस्ता तिथे ओलांडतो, म्हणून रात्रभर चाललेले ट्रकवाले तिथे भेटतात आणि पुढच्या रस्त्याची खबर देतात. पावसाळा असेल तर तिथून जवळच कपिलधारला उतरायचे. मन्मथस्वामींच्या समाधीचे ते ठिकाण आणि तिथला धबधबा. वरून पाणी पडत असते आणि आमच्यातली चाळिशी ओलांडलेली माणसे पोरांसारखी भिजतात. उन्हाळा असेल तर केजवरून अंबाजोगाई. मोठी फेरी वर्षातून एकदाच, गेवराईवरून शहागडला गोदावरी ओलांडून छत्रपती संभाजीनगर. तिथली लेणी पाहायची, नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयाच्या आवारात डबे सोडायचे आणि मुक्काम करून परत यायचे. १९५० साली सुरू झालेल्या त्या महाविद्यालयात शिकायला गुरुजी गेले होते तेव्हा ते ट्रकच्या टपावर बसून गेले होते. आता येझदीवर जातात. ही गोष्ट ते दरवर्षी सांगतात आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतो.

एकट्याने चालवणे आणि रांगेत चालवणे यांत फार फरक आहे. रांगेत पहिली गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाला, दुसरी तिच्या मागे पण डाव्या अंगाला, तिसरी पुन्हा उजव्या, अशी चालते. त्यामुळे प्रत्येकाला पुढचे दिसते आणि एखाद्याने ब्रेक मारला तर मागच्याला जागा राहते. पुढच्या गाडीने झाड ओलांडले की मनात दोन सेकंद मोजायचे आणि त्यानंतरच आपण त्या झाडापाशी पोहोचायचे. वळणावर मात्र सगळ्यांनी एकामागे एक व्हायचे. खड्डा दिसला की पुढचा पाय बाहेर काढून दाखवतो, मागचा त्याच्या मागच्याला, अशी खबर शेवटपर्यंत जाते. सर्वांत जुन्या गाडीचा जो वेग तोच सगळ्यांचा वेग. सर्वांत अनुभवी माणूस पुढे नव्हे, शेवटी असतो. कारण ज्याची गाडी बंद पडेल तो मागे राहणार आणि मागे राहिलेल्याला एकटे सोडायचे नाही.

आमच्या वहीत लिहिल्याप्रमाणे सर्वांत जास्त वेळा बंद पडलेली गाडी गिरणीवाल्यांची. एकदा अंबाजोगाईच्या वाटेवर ती थांबली. मेकॅनिकने प्लग काढून घासला, कार्बोरेटर उघडला, वाऱ्याची नळी पाहिली. अर्ध्या तासाने चाचांनी शांतपणे पेट्रोलची चावी रिझर्व्हवर फिरवली आणि गाडी सुरू झाली. त्या दिवशीचा नाश्ता गिरणीवाल्यांनी दिला. आता १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमाने आलेल्या गाड्यांत कार्बोरेटरही नाही आणि ती चावीही नाही. मेकॅनिकदादा म्हणतात, आता पाना सोडून संगणक शिकावा लागणार.

खुंटीवरचे हेल्मेट

हे सगळे लिहिताना एक गोष्ट टाळता आली असती तर बरे झाले असते. पण ती टाळली तर हा लेख खोटा होईल.

२०१७ सालच्या डिसेंबरची गोष्ट. आमच्या मंडळीत एक तरुण होता, तेवीस वर्षांचा. नाव देत नाही. नवीकोरी गाडी, कर्जावर घेतलेली. त्या रविवारी आम्ही सारे दुपारीच परतलो होतो. तो संध्याकाळी पुन्हा एकटाच केजकडे मित्राला भेटायला गेला आणि रात्री परत येत होता. साखर कारखान्यांचा हंगाम होता. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, चार दगड लावून ट्रॅक्टरवाला पुढे निघून गेलेला. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडीचा हेडलाईट अजून चालू होता. त्या वर्षीपासून नव्या गाड्यांचा दिवा कायम चालूच राहतो. दिवसा लोक हात हलवून 'लाईट बंद करा' म्हणतात ना, तोच दिवा. हेल्मेट त्याच्याकडे होते. घरी खुंटीला टांगलेले होते.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून त्या आठवड्यात झोप येईना तेव्हा कागदावर आकडे मांडले. ताशी साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला. त्यानंतर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी वीस-बावीस मीटर. म्हणजे चाळीस मीटर झाले. खाली केलेल्या दिव्यात, समोरून कोणी डोळ्यांवर उजेड मारत असताना, मळकट ट्रॉली चाळीस मीटरवरून दिसते काय? ताशी चाळीसच्या वेगाला हेच अंतर वीस-एकवीस मीटरवर येते. वेग दीडपट आणि थांबण्याचे अंतर दुप्पट. हा कागद आम्ही वहीत चिकटवून ठेवला आहे.

दुसरा हिशेब त्याच्या घरच्यांपुढे मांडावा लागला, तो याहून कठीण. गाडीचे अठरा हप्ते बाकी होते. गाडीच्या विम्यात मालक-चालकाला स्वतःचे अपघात-संरक्षण असते; दुचाकीला तेव्हा ते एक लाखाचे होते. (२०१८ पासून ते पंधरा लाखांचे झाले.) पण त्याला अट एकच, चालवणाराकडे चालू परवाना हवा. पोराचा शिकाऊ परवाना होता आणि त्याची सहा महिन्यांची मुदत कधीच संपली होती. पक्का करायला त्याला वेळ मिळाला नव्हता. आमच्याबरोबर दर महिन्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर यायला वेळ होता आणि आम्ही वहीवाले, आम्हीही त्याला कधी परवाना दाखव म्हटले नाही. त्याच्या वडिलांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर सोपे गेले असते.

मंडळी बंद पडली. आठ महिने कोणी किक मारली नाही. कामाला जायची तेवढीच. समोरची म्हातारीसुद्धा रविवारी गप्प असे.

पुन्हा बसलो ते गुरुजींनी बोलावले म्हणून. त्यांनी चाळीसगावची गोष्ट काढली. ती आपल्या वाचकांना नवी नाही. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले, वस्तीतली माणसे त्यांना न्यायला आली होती, पण महार माणसाला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला आणि वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर टांगा उलटला, घोड्यासह नदीत गेला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. गुरुजी म्हणाले, "आपण ही गोष्ट टांगेवाल्यांसाठी सांगतो. खरं आहे, त्यांचा दोष मोठा. पण त्या हाकणाऱ्याला मी रोज आठवतो. पाहुण्याचा मान राखायची त्याला केवढी घाई असेल! फक्त त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आपल्या पोराला कोणी शिकवलं होतं?"

त्या बैठकीत एक गोष्ट उघडी पडली. आमच्यातल्या नऊ जणांपैकी सहा जण पुढचा ब्रेक वापरतच नव्हते! 'पुढचा दाबला की गाडी उलटते' हे लहानपणी कोणी सांगितले आणि तेच धरून बसलो. खरे तर गाडी थांबताना सगळे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्येच जास्त असते. एकदम न आवळता हळूहळू, मागच्याबरोबर दाबला की गाडी निम्म्या जागेत थांबते. मोकळ्या मैदानात विटा मांडून आम्ही हे शिकलो, पांढऱ्या केसांची माणसे! वळणाआधी ब्रेक, वळणात नव्हे. जिकडे जायचे तिकडे नजर, खड्ड्याकडे नव्हे, कारण नजर जाते तिकडे गाडी जाते.

तेव्हापासून सूर्य मावळायच्या आत घरी, हा नियम झाला. हंगामात तर चारलाच. परवाना आणि विमा पाहिल्याशिवाय वहीत नाव लागत नाही. हेल्मेट आयएसआयचे, आणि गळ्याखालचा पट्टा लावलेले. १ जून २०२१ पासून बिगर-आयएसआय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला दीडशे-दोनशे रुपयांना प्लास्टिकच्या टोप्या मिळतातच. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट नसलेली ५०,०२९ माणसे रस्त्यावर गेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती. म्हणजे बायका, म्हाताऱ्या, पोरे. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा, की हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मरण्याचा ४२ टक्क्यांनी घटतो. जयंतीच्या रॅलीत ट्रिपल सीट, उघड्या डोक्याने, सायलेन्सर काढून फिरणाऱ्या आपल्या पोरांना हे आम्ही सांगतो, तेव्हा ती म्हणतात, "काका, आजच्या दिवशी तरी नको." आम्ही १४ एप्रिललाच सांगतो. त्यावरून दोनदा वादही झाले आहेत.

तिची गाडी

त्या पोराची गाडी अंगणात प्लास्टिकखाली उभी होती. वडील विकायला निघाले होते. त्याची धाकटी बहीण नर्सिंग शिकून एका उपकेंद्रावर लागली होती; एसटीच्या वेळा जुळेनात, रोज कोणाच्या तरी मागे बसून जायचे. एके दिवशी ती आमच्याकडे आली. "काका, मला गाडी शिकवा. दादाची."

आम्ही नाही म्हणालो. स्कूटी घे, हलकी असते, असेही म्हणालो. खरे कारण वेगळेच होते. दुसऱ्यांदा जबाबदारी घ्यायची आमची छाती नव्हती. ती म्हणाली, "स्कूटीला पैसे कुठून आणू? हिचे हप्ते मीच भरते ना!" आईने बोलायचे ठरवले नव्हते, पण दारातून बोलली, "शिकवा भाऊ. त्याला शिकवलं नाही, हिला तरी नीट शिकवा."

आधी शिकाऊ परवाना, मग गाडीला हात. दोन महिने मैदानात. क्लच सोडताना गाडी किती वेळा बंद पडली ते वहीत आहे, पण तिने लिहू नका म्हणून बजावले आहे. गावात बोलणारे बोलले. पोरगी आणि गिअरची गाडी! त्यांना आम्ही सांगितले, पुण्यात २०११ साली 'बायकर्नी' नावाची फक्त मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांची संघटना निघाली; २०२३ साली पुण्याच्याच रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. आणि वस्तीतल्या महिला मंडळात आम्ही बेसी स्ट्रिंगफील्डची हकिकत सांगितली. ही अमेरिकेतली काळी बाई. १९३० नंतरच्या काळात ती नकाशावर नाणे टाकायची, ते पडेल त्या गावाला एकटी मोटारसायकलवर निघायची. काळी म्हणून हॉटेलात खोली मिळत नसे. मग पेट्रोल पंपावर गाडी लावायची, हँडलवर जाकीट ठेवायचे आणि गाडीवरच आडवे होऊन झोपायचे. दुसऱ्या महायुद्धात तिने लष्कराचे टपाल मोटारसायकलवरून पोहोचवले. पुढे मायामीत तिने स्वतःचा क्लब काढला. १९९३ मध्ये ती गेली आणि २००२ साली तिकडच्या मोटारसायकलवाल्यांनी तिला आपल्या मानाच्या यादीत बसवले. हे ऐकून एका बाईने विचारले, "हँडलवर डोकं ठेवून झोप लागती व्हय?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. एसटीच्या मेकॅनिकदादांनी दुसऱ्या दिवशी झोपून पाहिले. लागत नाही म्हणतात.

बायांच्या मनातली खरी भीती निराळीच निघाली, पदराची आणि ओढणीची. चाकात पदर अडकून पडलेली बाई प्रत्येकीने पाहिलेली. मागच्या चाकावर जाळी आणि मागच्याला धरायला कडी, हे १९८९ च्या मोटार वाहन नियमांतच आहे. पण गाडी 'देखणी' दिसावी म्हणून पोरे पहिल्याच दिवशी साडीगार्ड काढून टाकतात. वेल्डरने वस्तीतल्या सात गाड्यांना ते पुन्हा बसवून दिले. मजुरी घेतली नाही, चहा घेतला.

ती मुलगी आता रोज उपकेंद्रावर त्याच गाडीने जाते. लसींचा डबा मागे बांधलेला असतो. रविवारी येते तेव्हा रांगेत शेवटची गाडी तिची. ही जागा आम्ही तिला दिली नाही. एकदा चाचांची गाडी मागे राहिली, कोणाच्या लक्षात आले नाही आणि ती एकटी परत फिरली, तेव्हापासून ती जागा तिचीच झाली. खुंटीवरचे ते हेल्मेट तिला मोठे होते. तिने नवे घेतले. जुने अजून तिथेच आहे.

येत्या खेपेला कपिलधारला जायचे ठरले आहे. समोरच्या म्हातारीला कळवून ठेवले, पहाटे आवाज होईल म्हणून. तर ती म्हणाली, "मग मला बी घ्या की. निस्तं ओरडू किती दिवस?" त्या मुलीने तिला मागे बसवायचे कबूल केले आहे. साडीगार्ड तपासले, पाय ठेवायच्या दांड्या घट्ट केल्या, मापाचे हेल्मेटही मिळाले. पण ते डोक्यावरच्या पदरावरून बसत नाही आणि चारचौघांत पदर खाली घ्यायला आजी तयार नाही, एवढ्यावर सध्या बोलणी अडली आहेत.